पार्ल्यातली उत्तरेकडची पट्टी: अबोली की पीस लिली?

विलेपार्ले पूर्वेतल्या एका तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीमागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, मातीची एक पट्टी आहे. लांबी १४ मीटर, रुंदी १.२ मीटर, इमारतीच्या बरोबर उत्तरेला. पश्चिमेचे ४ मीटर शेजारच्या आवारातून झुकलेल्या आंब्याखाली येतात. मधले ६ मीटर थेट इमारतीच्या पाठीशी आहेत. पूर्वेचे ४ मीटर मात्र इमारतीच्या कोपऱ्याबाहेर, गेटच्या दिशेने निघतात. वायव्येला पुनर्विकासात उभा राहिलेला चौदा मजली टॉवर आहे, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन जवळपास संपलेले.

इथे फुले हवीत, यावर सगळ्यांचे एकमत होते. कोणती, यावर नव्हते. तळमजल्यावरच्या आजींना अबोली हवी होती, देवाला आणि वेणीला. कमिटीला पीस लिली हवी होती, कारण ती नीटनेटकी दिसते आणि तिला फारसे बघावे लागत नाही असा समज. दीड वर्षात दोन्ही लावली गेली, दोन्ही एकदा फसली, आणि दुसऱ्या खेपेला दोन्ही टिकली. माळी तोच होता आणि जागाही तीच. दुसऱ्या वेळी रोपे मातीत जाण्याआधी सावली मोजली, माती तपासली आणि पाणी कुठल्या नळाचे येते ते पाहिले, एवढाच फरक.

पहिली लागवड

जानेवारीत अबोलीची ४५ रोपे आणून संपूर्ण पट्टीत सारख्या अंतरावर लावली. रोपवाटिकेतून आली तेव्हा प्रत्येकावर दोन-तीन कणसे फुललेली होती. एप्रिलच्या मध्यापर्यंत पट्टीचे तीन तुकडे वेगळे दिसू लागले. गेटकडची रोपे फुलत होती. मधली उंच, बारीक, दोन पेरांमध्ये लांब अंतर पडलेली, कणीस नावालाही नाही. आंब्याखालची निम्मी मेली होती. शिवाय सगळीकडे, अगदी फुलणाऱ्या रोपांवरही, कोवळी पाने पिवळी पडत होती आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहत होत्या. गेटकडचीच सहा रोपे भर सकाळी, माती ओली असताना, माना टाकत होती.

मग मेच्या मध्याला मधल्या भागातली अबोली उपटून तिथे पीस लिलीची १२ रोपे थेट जमिनीत लावली. तर्क सरळ होता: अबोलीला ऊन कमी पडले, पीस लिली तर सावलीचीच. चार दिवसांत तिच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे कोरडे डाग पडले. महिनाअखेरीस पानांची टोके तपकिरी झाली आणि फुले हिरवी पडून गेली, नवी आली नाहीत.

अशा वेळी पहिला दोष रोपवाटिकेला जातो, दुसरा माळ्याला. इथे दोघांचाही फारसा दोष नव्हता. तीन वेगळी दुखणी एकाच पट्टीत एकत्र आली होती, आणि ती वेगळी करायची सोपी पद्धत म्हणजे कोणते लक्षण कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही हे पाहणे. पानांचा पिवळेपणा उन्हातही होता आणि सावलीतही, म्हणजे त्याचा उजेडाशी संबंध नाही. लांबलेली पेरे फक्त मधल्या भागात, म्हणजे तो उजेडाचाच प्रश्न. माना टाकणारी रोपे एकाच कोपऱ्यात, म्हणजे मुळांशी बघायला हवे.

सावली मोजली तेव्हा

उत्तरेची बाजू म्हणजे बारमाही सावली, हे मुंबईत खरे नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वर्षातून दोनदा, १६ मे आणि २७ जुलैच्या सुमारास, बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. १२ मीटर उंच इमारतीची मध्यान्हीची सावली २१ डिसेंबरला उत्तरेकडे जवळजवळ ११ मीटर पडते. १ मे रोजी तीच सावली ८० ते ८५ सेंटिमीटरवर येते, आणि १६ मेला ती उरतच नाही. म्हणजे हिवाळ्यात गार सावलीत असलेली पट्टी मेच्या पहिल्या आठवड्यात कडेने उघडी पडते आणि मेच्या मध्यापासून तिच्यावर भर दुपारचे ऊन सरळ कोसळते. मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. एकदा ढग आले की हा प्रश्न मिटतो, पण मधले चार आठवडे जीवघेणे असतात. पीस लिलीची ती १२ रोपे नेमकी या चार आठवड्यांच्या तोंडावर लावली गेली होती.

उजेड मोजायला दोन गोष्टी वापरल्या. एक, हाताची सावली: दुपारी बारा-एकच्या सुमारास मातीवर पांढरा कागद ठेवायचा आणि त्याच्या फूटभर वर हात धरायचा. बोटे वेगवेगळी मोजता येतील अशी कडक सावली पडली तर उजेड भरपूर. हात आहे एवढे कळते पण कडा पुसट, तर मध्यम. काहीच उमटत नसेल तर तिथे फुलाची आशा सोडावी. दुसरे, मोबाइलवरचे लक्स (उजेडाचे एकक) मोजणारे अॅप. हे अचूक नसते, पण एकाच फोनने तीन जागा मोजल्या तर त्यांच्यातला फरक बरोबर कळतो. फेब्रुवारीतल्या निरभ्र दुपारी मधल्या भागात आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता, आंब्याखाली सातशे-आठशे. उघड्या उन्हात हाच आकडा लाखाकडे जातो, डोळ्याला मात्र हा फरक एवढा मोठा कधीच वाटत नाही.

गेटकडच्या चार मीटरला हिवाळ्यात सकाळी साडेआठपासून दुपारी साडेबारापर्यंत थेट ऊन होते. अबोलीला नेमके हेच लागते: सकाळचे तीन-चार तास ऊन आणि पुढे दिवसभर सावली. तिला सावली चालते, पण सावलीत ती फुलत नाही. पीस लिली याच्या उलट स्वभावाची. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या घनदाट जंगलात उंच झाडांच्या तळाशी वाढणारे हे झाड. थेट ऊन तिला नकोच. उजेड हजार लक्सवर आला तरी ती हिरवीगार राहते, मात्र फुलायला पाच हजारांकडे जाणारा, गाळून आलेला उजेड लागतो. आंब्याखाली ती जगली असती, फुलली नसती.

आंब्याच्या फांद्या उतरवून टाका, ही सूचनाही बैठकीत आली. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे फांद्या छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय खरा प्रश्न फांद्यांचा नव्हताच. त्या टोकाला मातीत आंब्याच्या मुळांची एवढी दाटी होती की खुरपे दोन इंचांखाली जात नव्हते. तिथे फुलझाड लावायचे नाही, असे ठरवून तो भाग सोडून दिला.

माती: पिवळ्या पानांचे मूळ

पट्टी खणली तेव्हा २० सेंटिमीटर लाल मातीखाली इमारतीच्या जुन्या दुरुस्तीचा राबिट निघाला. प्लास्टरचे तुकडे, विटांचे रोडे, सिमेंटचा भुगा. मूठभर माती बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळले तर बारीक फेस आला. असा फेस म्हणजे मातीत चुना. सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) पाहायच्या कागदी पट्टीवर रंग ८ च्या पुढे गेला. अबोलीला ६ ते ७ च्या दरम्यानची, किंचित आंबट माती मानवते. सामू वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि त्याची पहिली खूण नव्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग लिंबासारखा पिवळा. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता, हे दुखणे वेगळे. पिवळी पाने दिसली म्हणून युरिया टाकणे ही सोसायट्यांमधली फार जुनी चूक आहे. लोहाच्या कमतरतेत युरिया काहीच करत नाही, उलट कोवळी वाढ आणि त्यावरचा मावा वाढवतो.

तात्पुरता उतारा म्हणजे फवारणी: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी, आधी दोन पानांवर करून बघून. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्यांत नवी पाने हिरवी येतात, पण राबिट खाली असेपर्यंत पिवळेपणा परत येत राहतो. म्हणून गेटकडच्या ४ मीटरची ३० सेंटिमीटर माती काढून टाकावीच लागली.

माना टाकणाऱ्या सहा रोपांच्या मुळांवर साबुदाण्याएवढ्या गाठी होत्या. बोटांनी चोळल्या तरी सुटत नव्हत्या, मुळाच्या आतूनच फुगलेल्या. हे सूत्रकृमीचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचे काम. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरच्या उपकारक गाठी बाहेरून चिकटलेल्या असतात आणि नखाने निघतात, या निघत नाहीत. अबोली या किडीला फार लवकर बळी पडते. अबोली शेतात घेणाऱ्यांना ही डोकेदुखी चांगली ठाऊक असते. सूत्रकृमीने जखमी केलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी आत शिरते आणि रोप ओल्या मातीत तहानलेले दिसते. अशा वेळी माळी आणखी पाणी घालतो, आणि रोप आणखी लवकर जाते.

उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवणे हा सूत्रकृमीवरचा चांगला उपाय, पण त्याला सहा आठवडे पूर्ण ऊन लागते. अर्धवेळ सावलीच्या जागी माती पुरेशी तापत नाही. त्यामुळे इथे माती बदलणे, बाधित मुळे बारीकसारीक तुकड्यांसकट उचलून कचऱ्यात देणे (कंपोस्टच्या ड्रमात कधीच नाही), आणि नव्या मातीत निंबोळी पेंड मिसळणे एवढेच हाती होते.

पाणी: तपकिरी टोकांचे मूळ

पानावरचे पांढरे डाग उन्हाचे होते, पण टोके जळण्याचे कारण दुसरे निघाले. उन्हाने जळलेला डाग पानाच्या मध्यावर, सूर्याकडे तोंड असलेल्या बाजूला पडतो. क्षाराचा मार टोकापासून सुरू होतो आणि त्याच्या कडेला पिवळी रेघ असते. बागेचा पाइप बोअरवेलच्या टाकीला जोडलेला होता.

“दादा, हे पाणी नळाचं का बोअरचं?”

“बोअरचंच, आजी. नळाचं पाणी बागेला द्यायचं नाही, असं कमिटीनं सांगितलंय.”

कमिटीचे चूक नव्हते, पिण्याचे पाणी झाडांना ओतू नये हे बरोबरच आहे. पण पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या स्वस्तातल्या टीडीएस मीटरने मोजले तर मेमध्ये बोअरचे पाणी १,२०० च्या वर आणि नळाचे शंभराच्या आसपास. मुंबईच्या नळाला येणारे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरण-तलावांचे, पावसाचेच साठलेले, म्हणून ते मऊ. बोअरचे पाणी उन्हाळ्यात खारट होत जाते. अबोलीने ते बऱ्यापैकी सोसले. पीस लिलीची मुळे जाड, मांसल आणि क्षारांना नाजूक, तिने लगेच दाखवले.

तोडगा एसीच्या पाण्याने निघाला. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात रात्रभर चाललेल्या एका एसीच्या नळीखाली बादली भरते, आणि त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. १६ कुंड्यांना एका वेळी १० लिटर पुरतात, म्हणजे दोन घरांच्या एसीवर पीस लिलीचा उन्हाळा निघतो. अट एकच: बादली रोज सकाळी रिकामी झालीच पाहिजे. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. त्याच कारणाने कुंड्यांखाली बशा ठेवल्या नाहीत, दोन-दोन विटा ठेवल्या.

दुसरी लागवड

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, गेटकडचा वाफा तयार केला. इमारतीच्या जोत्यापासून रेषेत ३० सेंटिमीटर जागा सोडली, ओल भिंतीत जाऊ नये म्हणून. उरलेल्या ९० सेंटिमीटर रुंदीत राबिट काढून नवे मिश्रण भरले: लाल माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग, भाताचे तूस आणि जाड वाळू मिळून एक भाग. चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच ठेवला आणि गेटकडे हलका उतार दिला. शेणखत कच्चे असेल, हाताला गरम लागत असेल किंवा वास मारत असेल, तर ते वापरू नये. त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी येते आणि कोवळी मुळे जळतात.

अबोली मात्र लगेच लावली नाही. जुलैचा पाऊस, एकट्या त्या महिन्यात सांताक्रूझला सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर, नव्या मुळांना उभे राहू देत नाही. वाफ्यात तोवर झेंडू टाकला, त्याची मुळे काही सूत्रकृमींना आवरतात. नारळी पौर्णिमेनंतर पावसाचा जोर ओसरला तेव्हा झेंडू काढून अबोलीची २६ रोपे लावली, दोन ओळींत, ओळींमध्ये ४५ सेंटिमीटर आणि रोपांमध्ये ३०. बागायती लोक ज्याला दिल्ली अबोली म्हणतात तो वाण घेतला. फूल मोठे, गडद केशरी, आणि ती बी धरत नाही. बियांवर शक्ती जात नसल्याने फुले जास्त येतात, रोपे मात्र छाटकलमानेच करावी लागतात. जुनी देशी अबोली बी धरते, आणि तिची वाळलेली बोंडे पहिल्या पावसाचा थेंब लागताच टचकन फुटून बी लांब उडवतात. कोकणातल्या अंगणात अबोली आपोआप पसरते ती अशी.

पीस लिली जमिनीतून काढून १० इंची कुंड्यांत घातली. १२ पैकी ८ वाचली होती, ८ नवी आणली. एका कुंडीत साधारण ९ ते १० लिटर मिश्रण बसते. १६ कुंड्यांसाठी ५ किलोची कोकोपीटची वीट एक, तेवढ्याच घनफळाच्या निम्मे गांडूळ खत आणि निम्मे तूस व लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे. कोकोपीट भिजवून, पिळून, ते पाणी फेकून, पुन्हा एकदा तसेच केले. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, आणि पाण्याचे क्षार टाळून कोकोपीटमधून तेच घातले तर सगळी मेहनत वाया. लावताना जुनी मुळे होती तेवढ्याच खोलीवर ठेवली. पानांचा बुंधा मातीत गाडला की तो कुजतो.

कुंड्यांचा खरा फायदा मेमध्ये. मधल्या भागावर पहिल्या मजल्याच्या दोन फुटी छज्जाची ओळ आहे. दुपारी सूर्य डोक्यावर असताना छज्जाखाली सावली असते. ३० एप्रिलला कुंड्या भिंतीकडे सरकवायच्या, पाऊस सुरू झाला की परत उजेडाकडे. जमिनीतले रोप असे सरकवता येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी तिरपे येणारे ऊन अडवायला महिनाभर ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधली आणि पहिल्या पावसाला सोडली. जाळी पावसाळाभर तशीच राहिली तर आधीच मंद असलेला उजेड निम्मा होतो आणि दिवाळीला फुले येत नाहीत.

फूल, कात्री आणि खत

अबोलीचे कणीस खालून वर उमलते, दिवसाला दोन-तीन फुले. प्रत्येक फूल म्हणजे एक सुतासारखी बारीक नळी आणि तिच्या टोकाला एका बाजूला पसरलेला पाच पाळ्यांचा पंखा. चिमटीत धरून हलके ओढले की नळीसकट हिरव्या कोशातून सुटते. ही नळी आहे म्हणूनच वेणीत दोरा तिच्याभोवती बसतो. वास नाही, पण दुसऱ्या दिवशीही फूल टवटवीत, म्हणून मोगऱ्याच्या जोडीला अबोली. कणसाच्या शेंड्याचे शेवटचे फूल गळले की कणीस आणि त्याखालची पानांची पहिली जोडी मिळून कापायचे. त्याच्या खालच्या जोडीच्या दोन्ही बेचक्यांतून दोन फांद्या फुटतात, आणि दोन्हींवर कणीस येते. आजींच्या देवपूजेने ही छाटणी निम्मी आपोआप होते, उरलेली माळ्याने आठवड्यातून एकदा. हे केले नाही तर फेब्रुवारीत रोप उघड्या बुंध्याचे, वर चार पाने असे होते.

अबोलीला महिन्यातून एकदा रोपामागे मूठभर गांडूळ खत आणि ऑक्टोबर ते मे पंधरवड्यातून एकदा लिटरला २ ग्रॅम १९:१९:१९ चे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताचे) पाणी. पीस लिलीला त्याच खताचे लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदाच. जास्त दिले तर पाने हातभर रुंद होतात आणि फूल येत नाही.

पीस लिलीच्या फुलांबद्दल एक गोष्ट खरेदीच्या वेळीच कळलेली बरी. जो पांढरा भाग आपण फूल समजतो ते रूप बदललेले पान, खरी फुले मधल्या दांड्यावर दाण्यांसारखी. अळूच्या कुळातलेच हे झाड, अळूचे फूल पाहिले असेल त्याला घडण ओळखीची वाटेल. ते पांढरे पान काही आठवडे टिकते आणि मग हिरवे होत जाते. ते पाहून कुणी घाबरू नये, देठ थेट बुंध्यापासून कापावा. मात्र रोपवाटिकेतली बहुतेक पीस लिली लहान वयातच जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संप्रेरक फवारून फुलवलेली असते. ती फुले गेली की पुढची नैसर्गिक फुले यायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. जूनमध्ये आणलेल्या आठ रोपांनी पुढचा जानेवारी उलटेपर्यंत एकही फूल दिले नाही आणि कमिटीतून विचारणा सुरू झाली. तोवर वाट पाहणे हाच उपाय होता, खत वाढवणे हा नव्हता.

अळूचे कूळ म्हटले की खाजही आली. पीस लिलीच्या प्रत्येक भागात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने किंवा मांजराने पान चावले तर तोंडात आग होते, ओठ-जीभ सुजते. तोंड धुऊन गार पाणी द्यावे आणि गिळायला त्रास होत असेल तर लगेच डॉक्टरकडे न्यावे. गेटजवळ मुले खेळतात, त्यामुळे तिथे अबोली आणि मागे पीस लिली ही वाटणी या बाजूनेही सोयीची ठरली.

हवा शुद्ध करते म्हणून पीस लिली घ्या, असे बैठकीत कुणी तरी म्हणालेच. नासाचा १९८९ चा तो अभ्यास बंद पेट्यांमध्ये केलेला होता. उघड्या आवारात, वाऱ्यावर, त्याचा काही संबंध उरत नाही. ती सुंदर आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

मान टाकली म्हणजे काय

पीस लिलीत सगळ्यात जास्त फसवणारे लक्षण हे. पाणी कमी पडले तरी ती सगळी पाने खाली सोडते, आणि पाणी जास्त होऊन मुळे कुजली तरी तेच करते. कुंडी उचलून पाहावी. हलकी असेल तर पाणी द्यावे, तीन-चार तासांत पाने उभी राहतात. जड असेल तर पाणी देऊच नये. रोप बाहेर काढावे. निरोगी मूळ पांढरे-पिवळसर आणि कडक, कुजलेले मूळ तपकिरी, आणि चिमटीत ओढले की वरचे साल मोज्यासारखे निसटून आत नुसता दोरा उरतो. ते सगळे कापून, उरलेली मुळे धुऊन, एक आकार लहान कुंडीत कोरड्या मिश्रणात लावावे आणि आठवडाभर खत नाही. ऑगस्टमध्ये छज्जाच्या पागोळीखाली राहिलेल्या दोन कुंड्यांवर ही वेळ आली. एक वाचली.

उन्हाळ्यात पीस लिलीला तीन दिवसांतून एकदा अर्धा ते पाऊण लिटर, अबोलीला एक दिवसाआड रोपामागे लिटरभर. पावसाळ्यात छज्जाखालच्या कुंड्यांना आठवड्यातून एकदाही पुरते. हे आकडे या पट्टीचे आहेत, दुसरीकडे बोट पेरभर मातीत घालून बघावे.

पावसातले पाहुणे

मुंबईच्या पावसाळ्यात मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत कोवळ्या अबोलीचे शेंडे साफ करते. औषधापेक्षा रात्री नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन वेचणे जास्त कामाचे, हातमोजे घालूनच, कारण तिच्या अंगावर माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या, आणि ते पाणी वाफ्यात सांडू द्यायचे नाही. ओले पोते कंपाउंडच्या भिंतीशी पसरून ठेवले तर सकाळी त्याच्याखाली बहुतेक सापडतात.

ऑक्टोबरपासून पीस लिलीच्या देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण. कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये बुडवून पुसणे, आणि लिटरला ५ मिली कडुनिंबाचे तेल व १ मिली द्रव साबण संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. अबोलीवर मार्चनंतर पानाखाली लाल कोळी, पाने धुरकट दिसतात. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून, दोन दिवसांआड, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते.

दुसरा मे

पुढच्या मेमध्ये २६ पैकी २३ अबोली उभ्या होत्या आणि २२ फुलत होत्या. एका रोपाची कोवळी पाने पुन्हा पिवळी दिसली, खणल्यावर मुळाशी प्लास्टरचा नारळाएवढा गोळा सापडला. पीस लिलीच्या १५ कुंड्यांपैकी ११ वर मिळून १९ फुले होती, नवी टोके जळलेली नव्हती. कुंड्या ३० एप्रिलला सरकवायच्या होत्या, त्या ४ मेला सरकल्या. कडेच्या तीन कुंड्यांच्या बाहेरच्या पानांवर तेवढ्यात पांढरे डाग पडलेच. ती पाने सुधारत नाहीत, बुंध्यापासून काढून टाकली.

जूनमध्ये दाट झालेल्या पाच कुंड्या फोडून दहा केल्या. प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुळे आणि किमान तीन-चार पाने राहतील असे हातानेच सुटे करायचे, सुरी फक्त अडले तर. नव्या दहा कुंड्या तीन आठवडे आंब्याखाली ठेवल्या आहेत. फुलासाठी तिथला उजेड कमी, पण नुकत्याच फोडलेल्या मुळांना तोच हवा. दिल्ली अबोलीच्या छाटणीतल्या चार इंची, अर्धवट पिकलेल्या फांद्याही त्यांच्या शेजारी वाळू आणि कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावल्या. त्यातल्या ज्यांना मुळे फुटतील त्या नारळी पौर्णिमेनंतर गेटकडच्या तीन रिकाम्या जागी जातील, आणि उरलेल्या आजींच्या खिडकीतल्या कुंडीत.